५०० मेगावॅटच्या युनिटच्या धुरातला सीओटू: टनामागचा खर्च नेमका कुठे उतरतो?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. दीपनगरसारखं ५०० मेगावॅटचं कोळसा युनिट समोर धरून एक प्राथमिक अहवाल करतोय. चिमणीकडे जाणाऱ्या धुराला फाटा काढून रोज १०० टन सीओटू पकडायचा. गृहीत आकडे असे: ईएसपीनंतर (धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र) धूर १३५ अंश, सीओटू १२ टक्के, सल्फर डायऑक्साइड ४०० पीपीएम, एफजीडी (धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा) नाही. सीओटू शोषायला ३० टक्के एमईए (एक अमाईन रसायन) असलेलं द्रावण वापरलं तर रीबॉयलरला (टर्बाइनच्या वाफेवर द्रावण तापवून सीओटू सोडवणारं भांडं) टनामागे ३.६ गिगाज्यूल लागतात. नवं महाग द्रावण घेतलं तर २.६ वर येतं म्हणतात. सुरुवात तिथूनच करू का? शिवाय माल खपणार कुठे? केळीच्या रायपनिंग चेंबरला (केळी पिकवायची खोली) चालेल असं एकाने सुचवलंय.

बॉयलरहाऊस
द्रावणाचं नंतर बघा भाऊ, आधी धूर धुवा.

हिशेब मांडतो. ९० टक्के पकड धरली तर एक टन सीओटूमागे तुमच्या धुरात सल्फर डायऑक्साइडचे सुमारे ८४ मोल येतात. एक मोल दोन मोल एमईए अडकवतो आणि ते मीठ स्ट्रिपरच्या (रीबॉयलरवरचा, सीओटू सोडवणारा मनोरा) उष्णतेने सुटत नाही. म्हणजे टनामागे १० किलो एमईए गेलं, रोजचं एक टन. किलोला ११० रुपये धरा: टनाला ११०० रुपये नुसते गंधकाच्या नावाने. नव्या द्रावणाने वाचणारा एक गिगाज्यूल म्हणजे टर्बाइनवर जेमतेम ६० युनिट वीज. चार रुपये दराने २४० रुपये. आणि ते महागडं द्रावणही गंधक असंच खाणार!

धूर ४० अंशांवर आणायला डायरेक्ट कॉन्टॅक्ट कूलर (धुरावर थेट पाणी सोडून थंड करणारा मनोरा) लागणारच आहे. त्याच्याच वरच्या भागात कॉस्टिकचा (सोडियम हायड्रॉक्साइड) एक टप्पा द्या. टनामागे पावणेसात किलो कॉस्टिक लागेल. बाहेर १० पीपीएमच्या आत सल्फर आलं की एमईएचं ते नुकसान पाव किलोवर येतं. पीएच ६.५ ते ७ ठेवा. पुष्कळ जण जोरात धुवायचं म्हणून ९ वर नेतात. मग कॉस्टिक सीओटूच शोषत बसतं, कार्बोनेट होतं आणि कॉस्टिकचं बिल वाढतं. सल्फाइटचं ब्लीड (धुण्यातून काढून टाकायचं पाणी) कुठे जाणार तेही अहवालात लिहा, पाणी बाहेर सोडता येणार नाही.

बारीक राखेचाही विचार करा. कॅनडातल्या बाउंड्री डॅमच्या तिसऱ्या युनिटला (२०१४ पासून चालू) राखेने आणि अमाईन खराब होण्याने सतावलं होतं. आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के, त्यामुळे ईएसपीचं एक फील्ड बंद पडलं की फाट्याचा डँपर (धुराची झडप) आपोआप मिटेल अशी इंटरलॉक हवीच.

पॅकिंगवाला
वरच्याशी सहमत. त्यानंतर पैसा लीन-रिच हीट एक्स्चेंजरमध्ये आहे (सीओटू सोडलेलं गरम 'लीन' द्रावण तिथे सीओटू भरलेल्या 'रिच' द्रावणाला तापवतं). तुमच्या प्रकल्पात टन सीओटूमागे साडेअठरा टन द्रावण फिरेल, म्हणजे तासाला ७७ टन. एक्स्चेंजरचा अ‍ॅप्रोच (दोन द्रावणांत उरणारा तापमानाचा फरक) १० अंशांवरून ५ वर आणला तर टनामागे ०.३४ गिगाज्यूल वाचतात, वर्षाला २५-२७ लाख रुपये. प्लेट एक्स्चेंजरची जादा प्लेट लवकर फिटते. पण आधी गाळणी बसवा. राख आणि गंजाचा चिखल प्लेटांत बसला की पहिल्याच वर्षी अ‍ॅप्रोच पुन्हा १० वर जातो.

वाफ तासाला ७ टन. आयपी-एलपी क्रॉसओव्हरवरून (टर्बाइनच्या मध्यम दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागाकडे जाणारी नळी) घ्या, पण तशीच रीबॉयलरला देऊ नका. ती सुपरहीटेड (त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा जास्त तापलेली) असते. डीसुपरहीटर (पाणी फवारून वाफ थंड करणारा) लावून ३ बार अ‍ॅब्सोल्यूट, १३३ अंशांवर आणा. द्रावण १२० च्या वर तापलं की एमईए झपाट्याने सडतं. दुपारी सोलरमुळे युनिटचं लोड खाली आणतात तेव्हा क्रॉसओव्हरचा दाबही साधारण लोडच्याच प्रमाणात उतरतो. ५५ टक्के लोडला दाब पुरतो का, हे टर्बाइनच्या हीट बॅलन्स शीटवर पाहूनच टॅपिंगची जागा ठरवा.

अ‍ॅब्सॉर्बरचा (धुरातला सीओटू शोषणारा मनोरा) व्यास २.१ मीटरच्या आसपास निघेल, धूर ताशी १९-२० हजार घनमीटर (नॉर्मल) धरून.

तापीकाठ
फार उपयोगी. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. कूलिंग त्यावर धरू?

पॅकिंगवाला
नाही, कूलिंग टॉवर वेट बल्बवर (ओल्या कापडाने गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान) चालतो. मे मध्ये हवा कोरडी असते, टॉवर बरा थंडावतो. फक्त पाणी जास्त उडतं, तेव्हा हतनूर धरणाच्या पाण्याचा कोटा मे वरून काढा. थंडाव्याचा डिझाइन बिंदू जुलै-ऑगस्टचा घ्या.

काळीमाती
खपाचं बोलतो. रायपनिंगचं डोक्यातून काढा. तिथे इथिलीन लागतं. केळी पिकताना स्वतःच सीओटू सोडतात आणि तो एक टक्क्याच्या खाली राहावा म्हणून चेंबर उघडून हवा बदलावी लागते. सावदा-रावेरचा कोणताही चेंबरवाला हेच सांगेल.

खरी स्पर्धा डिस्टिलरीशी आहे. एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो सीओटू आंबवणीतून जवळपास शुद्धच निघतो, त्याला ना अमाईन ना रीबॉयलर. सोडा आणि ड्राय आइसवाले तोच घेतील. तुमचा वायू जागीच वापरणारं काही शोधा. तुतिकोरिनला कोळशाच्या बॉयलरमधून वर्षाला ६० हजार टनांची क्षमता उभी केली ती सोडा अ‍ॅशसाठी. एनटीपीसीने विंध्याचलला २० टन रोजचा प्लांट २०२२ मध्ये लावला, तो मिथेनॉलकडे. विकत घेणारा ठरण्याआधी ११० बारचा कॉम्प्रेसर अहवालात घालू नका, त्याला टनामागे शंभरेक युनिट वीज जाते.

कोणीतरी बेसाल्ट म्हणेलच. खाली दख्खनचा काळा दगड आहे हे खरं, आणि आइसलँडमध्ये कार्बफिक्सने दोन वर्षांच्या आत बहुतेक वायूचा दगड करून दाखवला. पण त्यांच्या पद्धतीत टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. तुमच्या १०० टनांना रोज २५ लाख लिटर. यावल-रावेरात बोअर दरवर्षी खाली जाताहेत, तिथे हे मागून बघा.

बॉयलरहाऊस
एक राहिलं. खरेदीच्या यादीत लिहून ठेवा: अमाईनच्या लाइनवर पितळ, तांबं, जस्त कुठेच नको, प्रेशर गेजची ट्यूबसुद्धा नको. रिच लाइन आणि स्ट्रिपरचा वरचा भाग ३१६एल स्टेनलेस स्टीलचा. गॅस्केट ईपीडीएम रबराचं. व्हायटॉन (दुसरं रबर) महाग म्हणून चांगलं समजून स्टोअरवाले तेच देतात आणि अमाईनमध्ये ते फुगून फाटतं.