सर्पिल मेणबत्तीदाणीतील सरकत्या खटक्याविषयी

घडीव लोखंडाच्या सर्पिल मेणबत्तीदाणीत मेणबत्तीभोवती लोखंडी वेढे असतात आणि तिला खालून आधार देणारा एक सरकता खटका असतो. हा खटका मुलीला भेटायला आलेल्या तरुणाची निघण्याची वेळ ठरवण्यासाठी होता, म्हणजे मेणबत्ती वरच्या कडेपर्यंत जळाली की त्याने निघायचे, असे सांगितले जाते. कथा गोड आहे, पण मला ती पटत नाही. मेणबत्ती जळत खाली आली की तो खटका वेढ्यांवरून वर सरकवून ज्योत पुन्हा कडेबाहेर आणता येई आणि शेवटचा बोटभर तुकडाही वाया जात नसे. इंग्लंडमध्ये १८३१ पर्यंत मेणबत्त्यांवर करच होता, त्यामुळे ही काटकसर समजण्यासारखी आहे. गरीब घरांत तर लव्हाळ्याचा सोललेला गाभा चरबीत भिजवून लोखंडी चिमट्यात तिरपा धरून जाळत. साडेअठ्ठावीस इंचांची अशी एक काडी तासाला तीनच मिनिटे कमी इतकी जळाल्याचे इंग्रज निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

जुनी दाणी पारखताना गंजलेला भाग भिंगाखाली जरूर पाहावा, कारण घडीव लोखंड गंजले की लाकडासारखे रेषारेषांनी उकलते, ओतीव लोखंड तसे उकलत नाही. मात्र ती घासून चकचकीत करू नये, ही कळकळीची विनंती. हातोड्याच्या बारीक खुणा त्यात कायमच्या पुसल्या जातात.