‘राज्य’ म्हणजे नेमकं कोण?

डिचोलीहून:

शेजारच्या काकींच्या परसातली भिंत ग्रामपंचायतीनं नोटीस न देता पाडली. त्या पर्वरीला उच्च न्यायालयात गेल्या आहेत. वकिलांनी याचिकेचा मराठीत गोषवारा करून दिला होता, तो मी त्यांना वाचून दाखवत होते. एके ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. वरच्या ओळीत ‘प्रतिवादी क्रमांक १, गोवा राज्य’ आणि खाली ‘प्रतिवादी क्रमांक २, ग्रामपंचायत, ही संविधानाच्या अनुच्छेद १२ प्रमाणे राज्य आहे.’ काकी म्हणाल्या, “अगो, राज्य म्हणजे गोवा. पंचायत कधीपासून राज्य झाली?”

प्रश्न अगदी रास्त आहे. मूलभूत हक्क कोणाकडे मागायचे, हे ठरवण्यासाठी अनुच्छेद १२ मध्ये ‘राज्य’ या शब्दाची व्याप्ती सांगितली आहे. त्यात केंद्र सरकार येतं, संसद येते, प्रत्येक राज्याचं सरकार आणि विधानमंडळ येतं, स्थानिक संस्था येतात, शिवाय ‘इतर प्राधिकरणं’ येतात. म्हणजे या मोठ्या ‘राज्या’च्या पोटात गोवा हे राज्य बसतं, आणि तिथेच आमची पंचायतही बसते. एकाच वाक्यात तोच शब्द दोन मापांचा. वाचणारा अडखळला तर त्याचा काय दोष?

गोव्यात आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, आणि तो हातचा जाऊ नये असं मला फार वाटतं: घटक राज्य. महाराष्ट्रात तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटतो. इथे तो तोंडी आहे, कारण त्यासाठी झगडावं लागलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, बाराव्या घटनादुरुस्तीनं भारताच्या संघात आला, पण संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पर्याय दोनच होते, महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा संघप्रदेश. ३० मे १९८७ ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य झाला. म्हणून आपण ३० मेला ‘राज्य दिन’ म्हणत नाही, ‘घटक राज्य दिन’ म्हणतो. मधल्या पंचवीस वर्षांत गोवा राज्य नव्हता, पण गोव्यात राज्य होतं. प्रशासन होतं, पालिका होत्या, पंचायती होत्या, आणि मूलभूत हक्क पाळायला त्या सगळ्या बांधलेल्या होत्या.

तेव्हा माझं म्हणणं असं, की गोवा, केरळ, महाराष्ट्र म्हणायचं असेल तेव्हा ‘घटक राज्य’ लिहावं आणि नुसतं ‘राज्य’ अनुच्छेद १२ साठी राखावं. तुम्हाला काय वाटतं?

म्हापशाहून:

‘राज्य’चा तिसरा अर्थ राहिला. आमची आजी ‘पोर्तुगीज राज्यात’ म्हणायची, तेव्हा तिला अमदानी अभिप्रेत असे. राज्य करणं म्हणजे हुकूम चालवणं. आपल्या मनात हाच अर्थ पहिला येतो आणि तिथेच गोंधळ होतो, कारण पंचायत हुकूम चालवते असं कुणाला वाटत नाही.

पण लपंडाव आठवा. “तुझ्यावर राज्य आलं!” तिथे राज्य ज्याच्यावर येतं त्याला सुख नसतं. त्यानं डोळे मिटायचे, आकडे मोजायचे, नियम पाळायचे. अनुच्छेद १२ चं राज्य मला या खेळातल्या राज्यासारखं वाटतं. ते मिळत नाही, अंगावर येतं. पंचायतीवर राज्य आलं की तिनं नोटीस द्यायची, बाजू ऐकून घ्यायची, सगळ्यांना एका मापानं मोजायचं.

मडगावहून (वकिली करतो):

लपंडावाचं उदाहरण मी आता अशिलांना सांगणार.

अडचण ‘इतर प्राधिकरणं’ या दोन शब्दांत आहे. १९६७ साली राजस्थान वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायद्यानं स्थापन झालेलं मंडळही राज्यच ठरवलं, मग त्याचं काम व्यापाराचं का असेना. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरचं प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय राज्य ठरलं. ते तर नोंदणीकृत सोसायटी चालवत होती. न्यायालयानं नावाची पाटी पाहिली नाही. पैसा कोणाचा, नियंत्रण कोणाचं, काम सार्वजनिक स्वरूपाचं आहे का, हे पाहिलं. उलट २००५ साली क्रिकेट नियामक मंडळ राज्य नाही असा निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. तरीही अनुच्छेद २२६ (उच्च न्यायालयाचा आदेश काढण्याचा अधिकार) खाली उच्च न्यायालयाचं दार मंडळाविरुद्ध उघडं राहिलं, कारण त्या अनुच्छेदाची कक्षा मूलभूत हक्कांपुरती नाही.

काकींना हेही सांगा, की तीच भिंत शेजाऱ्यानं पाडली असती तर अनुच्छेद १४ चा (कायद्यापुढे समानता) उपयोग नव्हता. दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागला असता. शेजारी राज्य नव्हे. अस्पृश्यता (अनुच्छेद १७) आणि वेठबिगारी (अनुच्छेद २३) यांची मनाई मात्र खाजगी माणसालाही लागू आहे.

फोंड्याहून:

राज्यशास्त्रात ‘राज्यसंस्था’ हा शब्द रुळलेला आहे. अनुच्छेद १२ साठी तो का घेऊ नये? ‘घटक राज्य’ एका बाजूला, ‘राज्यसंस्था’ दुसऱ्या बाजूला, गोंधळच मिटला.

डिचोलीहून:

समजावून सांगताना ‘राज्यसंस्था’ जरूर वापरावा, मीही वापरीन. मूळ मजकुराच्या जागी नको. संविधानाच्या मराठी पाठात ‘राज्य’ आहे, आणि याचिकेत, निकालात तोच शब्द उद्धृत होणार. शिवाय अनुच्छेद ३६ हाच अर्थ निदेशक तत्त्वांनाही, म्हणजे कारभार करताना राज्यानं पाळायच्या धोरणतत्त्वांनाही, लावतो. अनुच्छेद ४४ मधलं राज्य, ज्यानं समान नागरी संहितेसाठी प्रयत्न करायचा आहे, तेही हेच. ते वाचून पुष्कळ जण विचारतात, “कुठल्या राज्यानं?” विवाह आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत असल्यानं संसद कायदा करू शकते आणि घटक राज्याचं विधानमंडळही. गोवा विधानसभेनं २०१२ साली वारसाहक्काचा कायदा केला, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. इथे ‘घटक’ हा एक शब्द जोडला की प्रश्नच पडत नाही.

काल लपंडावाचं उदाहरण काकींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि गोषवाऱ्यातल्या वरच्या ओळीत ‘गोवा’ आणि ‘राज्य’ यांच्या मधे बारीक अक्षरात ‘घटक’ लिहिलं. खालच्या ओळीतलं ‘राज्य’ त्यांनी तसंच ठेवलं, फक्त त्याखाली दोन रेघा ओढल्या.