पुलाखालची माणसं हलवा म्हटलं की आम्ही लगेच निर्दयी?

सोसायटीचा सचिव:
सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या सोसायटीसमोरच्या उड्डाणपुलाखाली दिवाळीनंतर माणसं राहायला आली. आधी दोन पालं होती, आता चौदा-पंधरा कुटुंबं आहेत. निम्मी दिवसा चौकात फुगे आणि पेनं विकतात, काही पहाटे मजूर अड्ड्यावर जाऊन उभी राहतात, आणि चार-पाच जण संध्याकाळपासून पिऊन पडलेले असतात. मला त्रास या चार-पाच जणांचा आहे. पण तक्रार करायला गेलं की सगळ्यांचीच होते, कारण रात्री अकराला अंधारात कोण कोण ते कळत नाही.

विजेच्या डीपीला (पेटीला) लागून चूल पेटते. आमच्याकडच्या दोन मुली दुसऱ्या पाळीवरून साडेअकराला येतात, कॅबवाला वळसा नको म्हणून पुलाच्या पलीकडेच सोडतो. आठवड्यापूर्वी एकाने त्यातल्या एकीची ओढणी धरली. चौकीत गेलो तर म्हणाले, फुटपाथ महापालिकेचा विषय. वॉर्ड ऑफिसात गेलो तर म्हणाले, कायदा-सुव्यवस्था पोलिसांची. ॲपवर टाकलेली तक्रार तिसऱ्या दिवशी 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद. परवा एकदाची गाडी आली, पातेली, बोचकी, ताडपत्र्या भरून घेऊन गेली. रात्री नऊपर्यंत सगळे परत. फक्त आता ताडपत्रीऐवजी फ्लेक्स आहे, एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. (हा विनोद मी केलेला नाही, तिथे जाऊन बघा.)

सोसायटीच्या ग्रुपवर हे लिहिलं तर एका तरुण रहिवाशाने मला 'अमानुष' म्हटलं. फुटपाथ चालण्यासाठी असतो असं म्हणणं अमानुष आहे का, एवढंच विचारायचंय.

पर्वती पायथा:
सचिवसाहेब, ओढणी धरणाऱ्यावर गुन्हा नोंदवायलाच हवा. नोंदवला का? की पंधरा कुटुंबांविरुद्ध निवेदन गेलं आणि त्या एकावरची फिर्याद राहूनच गेली?

बाकी बेघर लोक पुण्याला नवीन नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा शनिवार, नारायण, कसबा, नदीकाठच्या सगळ्या पेठा एका दिवसात उघड्यावर आल्या. सरकारने निसेन हट (अर्धगोल पत्र्याच्या खोल्या) उभारल्या, गोखलेनगर-सहकारनगरकडे पूरग्रस्तांच्या वसाहती वसवल्या. यांची बोचकी गाडीत भरा असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. माझी आजी 1972 च्या दुष्काळात जामखेडकडून आली, पहिले सात महिने मालधक्क्याजवळच्या फुटपाथवर काढले. तिला कोणी वसाहत बांधून दिली नाही. पूर आला की आपत्ती, पाऊस पडला नाही की 'हे लोक येतात कुठून'.

पेठकरी:
पानशेतची तुलना साफ चुकीची. त्या लोकांची इथे घरं होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या. माझ्या वडिलांचं दुकान त्याच पुरात गेलं, त्यामुळे मला शिकवू नका. वसाहत मिळाली ती घर गेलं म्हणून. रोज स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी पुण्याच्या करदात्याने का घ्यायची? आमची घरपट्टी थकली तर महापालिका दारात बँड वाजवते. निवारे जितके चांगले कराल तितकी गर्दी वाढणार.

आणि सुरक्षेचं काय? फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेटला उभ्या शिवशाही बसमध्ये बलात्कार झाला तो विसरलात? पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. अशा जागी रात्री कोण पडलेलं असतं याची नोंद नको? 1959 चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. वापरा की.

काळा कोट:
स्वारगेटच्या गुन्ह्यात ज्याला अटक झाली तो शिरूर तालुक्यातल्या गावचा, आणि सापडलाही गावाकडेच. ते प्रकरण फुटपाथवर झोपणाऱ्यांच्या खात्यावर घालू नका.

1959 चा कायदा मात्र वाचून बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, वस्तू विकायचं निमित्त करणं, सगळं भिक्षेत मोडतं. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत तो सार्वजनिक जागी आहे, एवढंही पुरतं. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. यातली शिक्षेची कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली, पण दिल्लीपुरती. महाराष्ट्रात कायदा आहे आणि येरवड्यात भिक्षेकऱ्यांसाठीचं केंद्रही आहे. तुम्ही म्हणता तसा वापरता येईल. फुगे विकणाऱ्या बाईला आत टाकाल, तिची पोरं बालकल्याण समितीसमोर जातील, आणि सचिवांचे ते चार-पाच पिणारे? ते भीक मागत नाहीत, त्यामुळे ते पुलाखालीच.

दुसऱ्या बाजूलाही एक टोचणी. 1981 च्या पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवून गावी धाडायचा आदेश निघाला. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 1985 चा ओल्गा टेलिस निकाल सगळे अर्धाच सांगतात. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे न्यायालयाने म्हटलं. पण फुटपाथ अडवून राहायचा हक्क कोणाला आहे असं म्हटलं नाही. हटवायला परवानगीच दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. तेव्हा सचिवांची मागणी बेकायदा नाही. हलवून कुठे न्यायचं, तेवढं त्यांनी लिहिलेलं नाही.

पेठकरी:
ते सांगणं माझं काम नाही, आयुक्तांचं आहे.

समूह संघटक (माजी):
आयुक्तांचं आहे, बरोबर. मग त्यांच्यासाठी काय नियम ठरले होते ते सांगतो. मी एका रात्र निवाऱ्यात पाच हिवाळे काम केलंय. नाव घेत नाही, तिथले लोक अजून नोकरीत आहेत.

2013 मध्ये सुरू होऊन 2024 मध्ये संपलेल्या केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी कायमचा निवारा हवा होता, बाराही महिने चोवीस तास उघडा, माणशी 50 चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने 3,100 जणांची सोय हवी होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं हद्दीत आली. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं. पैसे नाहीत हे मी ऐकून घेणार नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. आमच्या निवाऱ्यात खाटा रिकाम्या असायच्या. वरून पाहणीला साहेब आले की म्हणायचे, "बघा, लोकांनाच यायचं नाही." का यायचं नाही? दाराशी आधार कार्ड मागायचो, तसा आदेश होता. ज्याचं बोचकं गाडीने उचलून नेलं त्याचं आधार त्याच बोचक्यात गेलेलं असतं. पुरुषांची खोली वेगळी, बायकांचा निवारा दुसऱ्याच भागात. नवरा-बायको आणि दोन पोरं आली तर आम्ही त्यांना सांगायचो, तुम्ही इकडे, ताई तुम्ही तिकडे. कोण ऐकेल? ते फुटपाथवर परत. दार रात्री दहाला बंद. लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम करणारी पोरं रात्री एकला मोकळी होतात. मंडईतला हमाल, हॉटेलातला भांडी घासणारा, तेच. आणि पहाटे अड्ड्यावर उभं राहायचं तर निवारा अड्ड्यापासून चालत जाण्याइतका जवळ हवा, पहिली बस येईपर्यंत मुकादम माणसं घेऊन गेलेला असतो. हातगाडी, कबाड्याची पोती, कुत्रं, यातलं काहीच आत चालायचं नाही. एक म्हातारा रोज रात्री दारापर्यंत यायचा, आपल्या कुत्र्याकडे बघायचा आणि परत जायचा. मी त्याला नऊ महिने समजावत होतो, शेवटी समजावणं सोडून कुत्र्याला जिन्याखाली जागा दिली. तेव्हापासून तो आत झोपायला लागला. यावर मला कारणे दाखवा नोटीस आली, ती अजून घरी आहे.

पेठकरी म्हणतात चांगला निवारा दिला तर गर्दी वाढेल. साहेब, माणूस वाशीमहून निवाऱ्यासाठी येत नाही, स्लॅबच्या कामासाठी येतो. डिसेंबर 2024 मध्ये वाघोलीला केसनंद फाट्यावर डंपर फुटपाथवर चढला, आठवतंय? अमरावतीकडून कामासाठी आलेले मजूर तिथे झोपले होते. तिघं गेले, त्यात दोन तान्ही पोरं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात तरतूद होती, मजुरांची तात्पुरती राहण्याची सोय मालकाने फुकट करायची. पण अड्ड्यावरच्या मजुराला रोज नवा मालक. जो आज संध्याकाळी हिशेब करून मोकळा झाला त्याच्याकडे रात्रीची खोली कोण मागणार?

रात्रपाळी:
संघटककाका, तुमचं सगळं पटतं, तरी सचिव जे म्हणतात त्यावर कोणी नीट बोललंच नाही. मी नर्स आहे, अकरा वर्षं रात्रपाळी करते. पुलाखालून जाताना किल्ली बोटांमध्ये धरून चालते. 'सगळे तसे नसतात' हे मला माहीत आहे हो, पण मला त्या वेळी सगळ्यांशी ओळख करून घ्यायची नसते. घर असलेल्यांनी दिलेला त्रास मी जास्त भोगलाय, तो वेगळा विषय, पण भीती खोटी आहे असं सांगू नका.

आमच्या रस्त्यावर एक गृहस्थ होते, स्वतःशी बोलायचे, अंगावर कपडे नसायचे, एकदा माझ्या मागे दगड घेऊन धावले. पोलिसांना चार वेळा सांगितलं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरचे शोधायचे. येरवड्याचं मनोरुग्णालय त्याच शहरात, रिक्षाने अर्ध्या तासावर. पण ड्युटीवरच्या माणसाला वाटतं, नेलं तर रात्रभर तिथेच बसावं लागेल. मग शेजारच्या चौकीच्या हद्दीत हुसकावून देतात. ते गृहस्थ मे महिन्यात वारले, रस्त्याकडेलाच. मला तेव्हा हायसं वाटलं हे मी इथे नाव न देता लिहू शकते.

सिअ‍ॅटलकर:
इकडच्या अनुभवाचे दोन शब्द. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत 2018 पासून नियम होता की निवाऱ्यात जागा नसेल तर रस्त्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. आता शहरं दंड करू शकतात. माझ्या ऑफिसखालचे तंबू गेले, आता ते लायब्ररीमागे आहेत. पुण्याने आमच्याकडून शिकावं असं इथे काही नाही.

पेठकरी:
तुम्हाला परवडतं म्हणून तिकडे राहून लिहिता. इथे येऊन त्या पुलाखालून चालून दाखवा.

सिअ‍ॅटलकर:
गणपतीत येतोय. चालू.

सोसायटीचा सचिव:
सगळ्यांचं वाचलं. 'पर्वती पायथा' यांनी विचारलं म्हणून सांगतो, फिर्याद दिलेली नव्हती. मुलीचे वडील नको म्हणाले, तिचं लग्न ठरतंय. मी फार जोर केला नाही, ती चूक माझी. पण माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाही. पूल हे राहायचं ठिकाण नाही, त्या पोरांसाठीही नाही. परवा डीपीच्या ठिणगीने ताडपत्री पेटली असती तर मेलं कोण असतं? आम्ही तर वरच्या मजल्यावर.

एक प्रश्न माजी संघटकांना. तुम्ही अजून हे काम जाणता का? गाडी परत बुधवारी येणार आहे असं वॉर्ड ऑफिसातून कळलंय. त्याआधी यातल्या कुटुंबांची मोजणी करून यादी दिली तर काही होतं का?

समूह संघटक (माजी):
होतं. समाज विकास विभागाकडे पाहणीची मागणी लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, प्रत अतिक्रमण विभागाला आणि चौकीला द्या. मग तिघांनाही 'आमचा विषय नाही' म्हणता येत नाही. यादीत बायका, सहा वर्षांखालची पोरं, गरोदर, आजारी असे वेगळे लिहा. कोणाकडे कुठला कागद आहे त्याचे फोटो काढून ठेवा, म्हणजे गाडीत गेला तरी पुरावा राहतो. आणि पिणाऱ्या चार-पाच जणांची नावं बायकांनाच विचारा, त्या तुमच्याआधी सांगतील, त्यांना त्यांचा त्रास तुमच्याहून जास्त आहे.

दिवसा जाऊ नका, कामावर गेलेले असतात. रात्री साडेनऊनंतर.

पर्वती पायथा:
पुलाखालचे दिवे चालू आहेत का, सचिवसाहेब? कोणीच विचारलं नाही.

सोसायटीचा सचिव:
सहापैकी पाच बंद. त्याची तक्रार मी केलेली नाही.

रात्रपाळी:
माझी शनिवारी सुट्टी आहे. बायकांशी मी बोलते, तुम्ही पुरुषांशी बोला. टॉर्च आणा, माझ्या मोबाईलची बॅटरी टिकत नाही.

पेठकरी:
यादी करा, मोजणी करा, आणि बुधवारी गाडी येईलच. मला कळवा काय झालं ते.