अकार्बोजपेक्षा भारी? एन्झाइम कुठलं ते बघा

एका पेपरात जांभूळबीचा अर्क प्रयोगशाळेत अकार्बोज या मधुमेहाच्या औषधापेक्षा सरस ठरला, मग गोळ्या कशाला, असं तुम्ही विचारलंत. आधी एन्झाइम कुठून आणलं ते बघा. चाचणीतलं अल्फा-ग्लुकोसिडेज, म्हणजे पिष्टाचे तुकडे फोडून साखर सुटी करणारं एन्झाइम, बऱ्याचदा यीस्टचं वापरतात, सहज मिळतं म्हणून. अकार्बोज आतड्यातल्या एन्झाइमला चांगलं अडवतं, यीस्टच्या एन्झाइमपुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत जिंकल्यासारखं!

एमएस्सीला मी हीच चाचणी केली होती. एन्झाइमचं काम चाललं की द्रावण पिवळं होतं, ते ४०५ नॅनोमीटरला मोजायचं. आमचा अर्क मुळातच कोऱ्या चहासारखा. अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला एन्झाइम न घातलेला ब्लँक लावायला विसरलो आणि पहिल्या दिवशी इनहिबिशन (एन्झाइम किती अडलं ते) चक्क उणे आलं. शिवाय या बीत टॅनिन भरपूर, आणि ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. एन्झाइम थंडावलं म्हणजे औषध सापडलं असं नाही.

दाहविरोधी गुणाचं तर विचारूच नका. अंड्यातला अल्ब्युमिन (पांढऱ्यातलं प्रथिन) तापवायचा, अर्कामुळे तो कमी गढूळ झाला की डायक्लोफिनॅक या सूज-वेदनेवरच्या औषधाचं नाव घेत 'डायक्लोफिनॅकसारखा परिणाम' लिहून मोकळे. पेशींवरही काही तपासलंय का, तेवढं त्या पेपरात शोधा.