किडनी दिल्यानंतरची वर्षं : दात्यांनो, अनुभव लिहा

किडनी देण्याआधी दात्याच्या तपासण्यांना अंत नसतो. दिल्यावर सगळं घर रुग्णाभोवती फिरतं आणि दात्याला 'तू तर ठणठणीत' म्हणून सोडून देतात. पुढे काय झालं ते लिहा. काहीच झालं नसेल तर तेही.

भावाला दिली
माझं क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा; काम कमी झालं की हा आकडा वाढतो) ०.८ होतं, आता १.२ च्या आसपास स्थिर आहे. उरलेली किडनी आकाराने वाढते, जास्त काम ओढते, तरी एकूण क्षमता आधीच्या ६०-७० टक्क्यांवरच थांबते. नव्या डॉक्टरांनी नुसता ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) पाहून 'किडनीचा जुनाट आजार' असा शेरा मारला! आता फाइलच्या पहिल्याच पानावर 'किडनीदाता' आणि माझा नेहमीचा आकडा लिहून ठेवलाय. लघवीत अल्ब्युमिन (किडनीला इजा झाली की गळणारं प्रथिन) नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आईला दिली, नंतर बाळंतपण
शेवटच्या तिमाहीत बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली. बाळ-बाळंतीण सुखरूप. कॅनडातल्या २०१५ च्या अभ्यासात गरोदरपणातला रक्तदाब किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून बहुधा लघवीतून प्रथिनं जाणं) दात्या स्त्रियांमध्ये ११ टक्के, इतरांत ५ टक्के आढळला होता. किडनी देताना मला मुलं हवीत का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

वडिलांना दिली
त्रास शून्य. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही किडनीला त्रासदायक वेदनाशामकं मात्र कायमची बंद. पाठ धरली की चिडचिड होते, बस.

नवऱ्याला दिली
'दात्याला धोका सामान्य लोकांपेक्षाही कमी' असं मला सांगितलं होतं. खरं आहे, पण चलाखीचं. २०१४ च्या अमेरिकन अभ्यासाचा अंदाज असा : आयुष्यभरात किडनी पूर्ण निकामी होण्याची शक्यता १०,००० दात्यांमागे ९०, सरसकट लोकांत ३२६, पण दात्यांइतक्याच निरोगी न-दात्यांत १४. दाता चाळणीतून निवडलेला असतो, मग तुलनाही तशाच माणसाशी करा ना. हा आकडा आधी कळला असता तरी मी दिलीच असती. कळायला मात्र हवा होता.

बहिणीला द्यायचा विचार आहे, वय २४
माझे सगळे रिपोर्ट उत्तम आहेत. आईबाबा दोघांनाही मधुमेह.

भावाला दिली (पुन्हा मीच)
चोविसाव्या वर्षी रिपोर्ट उत्तमच येणार, मधुमेह नंतर गाठतो. घरातला हा इतिहास नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) स्पष्ट सांग, आणि दुसरा दाता आहे का तेही आधी बघा.