स्टिअरिंगखाली मोकळा लोंबणारा पांढरा कपलर, कशाचा असेल?

घाटवाट_सातारा:
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात सेकंडहँड स्विफ्ट घेतली, २०१५ ची व्हीएक्सआय पेट्रोल. काल पायाखालचं मॅटिंग धुवायला काढलं आणि सहज वर हात गेला तर स्टिअरिंगच्या उजवीकडे डॅशबोर्डच्या आत एक पांढरा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट, मोकळाच लोंबतोय, चार वायरी आहेत आणि जोडलेला कुठेच नाही. बंद असं काहीच नाही, हेडलाइट वायपर हॉर्न एसी काचा सगळं चालतंय. खड्ड्यात टकटक वाजायचं ते हेच असणार. आईला घेऊन दर आठवड्याला घाटातून गावी जातो, वाटेत काही शॉर्ट झालं तर, या विचाराने रात्री झोप लागली नाही. गॅरेजवाला म्हणतो टेप मारा आणि सोडून द्या, पण कशाचा आहे ते कळल्याशिवाय माझं मन होत नाही. कुणाला माहितीये का?

पाना_पक्कड:
पांढरा आहे हे बरं. पिवळा कपलर किंवा वायरीवर पिवळी नळी असेल तर ते एअरबॅगचं असतं, त्याला हात लावायचा नाही, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) तर नाहीच नाही.
बाकी घाबरू नका. कंपनी प्रत्येक व्हेरिअंटला वेगळं वायरिंग बनवत बसत नाही, वरच्या मॉडेलचाच हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, बऱ्याचदा खालच्याला टाकतात मग जे फीचर नाही त्याचा कपलर रिकामा राहतो. वायरी मागे कुठे जातात ते बघा, जाड जुडग्यात शिरत असतील तर कंपनीचं काम. मधेच वायर सोलून काळ्या टेपने जोड दिलेला दिसला तर मागच्या मालकाने काहीतरी बसवून काढलंय, तो जोड मात्र लगेच नीट करून घ्या, असले जोडच गरम होतात.

कोल्हापुरी_गियर:
टॉर्च मारून आतल्या पिना बघा. कपलर आधी कधी जोडलेला असेल तर पिनांवर घासल्याची बारीक चकचकीत रेघ दिसते, कोरा असेल तर नाही. आणि आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट तपासा. माझ्या जुन्या गाडीत असाच एक फालतू समजून बांधून टाकला होता, तो ब्रेक पेडलच्या स्विचचा निघाला, आठ दिवस मी ब्रेक लाइटशिवाय हायवेवर फिरत होतो, आठवलं की अजून धस्स होतं.
मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब (मीटरची टोकदार सळई) बॉडीच्या बोल्टला आणि लाल एकेका पिनेला. चावी बंद, चावी चालू, पार्किंग लाइट चालू, तिन्ही वेळा मोजा. दोन पिना एकमेकींना टेकू देऊ नका. आणि वायरीची लांबी बघा हो, कपलर हळू ओढून जिथवर आरामात पोचतो तिथेच आसपास त्याची जागा असते.

घाटवाट_सातारा:
सापडलं! ब्रेक लाइट ठीक आहेत. पिना एकदम कोऱ्या. चावी बंद शून्य, चावी चालू शून्य, पार्किंग लाइट लावले की एका पिनेला १२.३ व्होल्ट. मग गियर भाऊंनी सांगितलं तसं वायर कुठवर जाते बघितलं तर बरोबर स्टिअरिंगशेजारच्या डमी बटणाच्या मागे. प्लास्टिकच्या पट्टीने ते झाकण उचकटलं आणि कपलर त्या भोकातून अलगद बाहेर आला, ओढावं पण लागलं नाही. फॉग लॅम्पचा, म्हणजे धुक्यातल्या दिव्यांचा स्विच ना?

पाना_पक्कड:
हो, पार्किंग लाइट लावल्यावरच करंट येतोय म्हणजे फॉगचाच दिसतोय. आता साधी काळी टेप नको, उन्हात गोंद सुटून सगळं चिकट होतं. कापडी वायरिंग टेप गुंडाळा आणि झिप टायने जुडग्याला आवळा, क्लच पेडलपासून लांब. पुढेमागे फॉग बसवायचे असतील तर आधी बंपरच्या मागे त्याचे दोन कपलर आणि फ्यूज बॉक्समधे रिलेची (दिव्यांचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) जागा आहे का बघून घ्या, असेल तर कुणालाही एक वायर कापू देऊ नका.