क्लबात शिरायला आधी एएमएचं सभासदत्व कशाला?

न्यूजर्सीकर: लेकासाठी (वय 12) रिमोटवर उडणारं फोमचं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं) मॉडेल विमान घेतलंय, साधारण 900 ग्रॅम. जवळचा मॉडेल विमानांचा क्लब म्हणतो, आधी एएमएचे (अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स) सभासद व्हा. घराचा विमा आहे की आमचा! दोन-दोन फिया कशाला?

बाल्सावाला: मैदान क्लबचं स्वतःचं क्वचितच असतं. शेतकऱ्याचं नाहीतर काउंटीचं, आणि विम्याचा कागद पाहिल्याशिवाय मालक जागा देत नाही. एएमए ही 1936 पासूनची राष्ट्रीय संघटना, मुख्यालय इंडियानात मन्सीला. तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी 25 लाख डॉलरपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते दुय्यम असतं. आधी तुमचा घराचा विमा, मग हा. म्हणून एजंटला आजच विचारा, मॉडेल विमान त्यात वगळलंय का.

मागच्या वर्षी उतरताना माझं विमान वाऱ्याने वाहवत थेट पार्किंगमध्ये गेलं. एका गाडीची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली, बॉनेटभर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या. मागच्या सीटवर बाळ झोपलेलं होतं. त्याला खरचटलंही नाही, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या दिवसापासून ही फी मला जड वाटत नाही.

न्यूजर्सीकर: बापरे. उद्याच फोन करतो. सरकारी नोंदणी वेगळी का?

बाल्सावाला: हो, 250 ग्रॅमच्या वर वजन असेल तर एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याची, 5 डॉलर, 3 वर्षांसाठी. नोंदणीला वयाची 13 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा ती तुमच्या नावावर करा. ट्रस्ट ही सुरक्षेची फुकट ऑनलाइन परीक्षा मात्र लेकालाही द्यायला लावा. आणि पहिली उड्डाणं बडी केबल (शिक्षकाचा आणि शिकणाऱ्याचा रिमोट जोडणारी वायर) लावून, शिक्षकासोबतच.